पावतीवरचा शब्द

परकारभाईंनी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला,
तळातलं मूठभर भात वर काढलं,
एक दाणा दाताखाली फोडला
आणि थुंकले नाहीत.
माझ्यादेखत तरी नाहीत.

"वयनी, तांदूळ काळा निघेल. गिरणवाला घेणार नाय.
मी नेतो, खाद्याला. चौदा रुपये किलो.
कोंबडी काय रंग बघत नाय."

तेरा पोती.
कापून आडवं केलं आणि तीन दिवस कोसळला,
त्यात उघाडीची फळी सुटून
खाडी अर्ध्या खारीत येऊन बसली.
पेंढ्यांना जागच्या जागी मोड आले.
हिरवे, लुसलुशीत,
बघत राहावं असे.

मुक्ताने मोबाईलवर गुणाकार केला:
नऊ हजार शंभर.
भाऊजींचा फोन रत्नागिरीहून:
देऊन टाक, रेशनवर मिळतो की तांदूळ.
मिळतो. फुकट मिळतो. पांढरा मिळतो.
हे म्हणाले, तुझं तू बघ,
आणि जाळं विणायला खाली उतरले.

खळ्यावर पहिली रास पडली तेव्हा
राखणदाराला नारळ देताना मीच बोलले होते,
माणसांना पुरू दे.
माणसांना, असं म्हटलं होतं.
आता त्याला काय सांगू?
मग आठवलं, नारळावर त्याचं भागत नाही,
दर शिमग्याला तो कोंबडाच मागतो.
म्हणजे त्यालाही हे फिरून पोचणारच.
हसू आलं. परकारभाईंना कळलं नाही का हसले.

"बसा जरा," म्हटलं.
ते पेळेवर टेकले, ड्रायव्हरने टेम्पो सावलीत घेतला.
शेरभर भात कांडलं, पाखडलं,
अर्धी कणीच झाली.
पेज टाकली.
उकळी आली तसा ओल्या गोणपाटाचा वास आला,
मग तो विरला, किंवा माझं नाक सरावलं.

दोन वाट्या. सुकटीची चटणी.
आधी मी प्यायले.
परकारभाईंनी वाटी रिकामी केली, बोटाने पुसून घेतली.
"खाण्यासारखं हाय," म्हणाले,
"इकण्यासारखं नाय."

एवढंच मला ऐकायचं होतं बहुतेक.
चार पोती मागे ओढली.
उकडून काढीन, पावसाळ्यातल्या पेजेला होतील.
नऊ टेम्पोत चढली.

त्यांनी पावतीवर लिहिलं: माल – खाद्य.
मी म्हटलं, भात लिहा.
"दर तोच रवेल, वयनी."
राहू दे.
कार्बन सरळ करून त्यांनी शब्द खोडला,
वर बारीक अक्षरात लिहिलं. भात.

टेम्पो वळणाआड गेला.
खळ्यात सांडलेलं वेचायला
आधी आमची तलंग आली,
मग मी.
तिने मोड आलेले घेतले. मी उरलेले.