पत्र्याला जाडी असते

वडशाच्या रेल्वे फाटकापलीकडे
डोमाजी निकुरेंचं टिनाचं दुकान.
उन्हाळ्यात कूलर, दिवाळीनंतर नाटक कंपन्यांच्या पेट्या:
मुकुटांच्या, मेकअपच्या, तबल्याच्या.
मी गेले तेव्हा ते कडी बसवत होते,
तोंडात तीन रिव्हेट.

म्हटलं, काका, पेटी हवी. कॉम्प्युटरची.
आमच्या टेम्पोत हार्मोनियम आणि जनरेटरच्या मधे
एक वीत जागा उरते, तेवढीच.
आधीचा मोठा डबा मालेवाड्याच्या रस्त्यानं खिळखिळा केला.
तिसऱ्या अंकात महाल दिसायचा तिथे
पडद्यावर निळी पाटी आली
आणि राजा निळ्या उजेडात मेला.

मी कागद पसरला. आठवडाभर जागून काढलेला.
सतरा बाय सतराचा मदरबोर्ड,
त्याच्या पाठीला पाठ लावून ग्राफिक्स कार्ड,
अबोला धरून एकाच घरात राहणाऱ्या भावांसारखे.
मधे एक चपटी वायर, तीच काय ती बोलणी.
पॉवर सप्लाय पुढच्या कोपऱ्यात. फॅन वर.
सगळं मिळून नऊ लिटर.

"लिटर?" त्यांनी रिव्हेट तळहातावर काढले.
"मंग पानी कोठून टाकाचं?"
पाणी नाही काका. नुसती हवा.
"मंग पायलीत सांग."

पुठ्ठ्याचा नमुना होता माझ्याकडे,
बिस्किटांच्या खोक्यातून कापलेला.
काकूंनी आतून धान आणून ओतलं.
त्यांच्या पायलीनं दोन, आणि वर ओंजळभर.
डोमाजी त्या ओंजळीकडेच बघत राहिले.
"येवढ्यात आख्खा महाल बसते?"
महाल, जंगल, तुरुंग, पाऊस,
आणि वाघाची डरकाळी, मी म्हटलं.

मग भोकांवरून वाद.
माझी सहा कोनांची, मधाच्या पोळ्यासारखी.
त्यांच्याकडे एकच पंच, गोल.
"तुह्या फॅनले कोन मोजता येते का?"
खाली भोकं, वर जास्त भोकं, बाजूला एकही नाही.
"बाजूनं घेतली तं गरम हवाच फिरून येते.
तीस वर्स कूलर केले, येवढं तं समजते."
तणशीचा भुसा अडवायला मच्छरजाळीचा तुकडा,
जुन्या स्पीकरच्या लोहचुंबकांनी धरलेला.
ही युक्ती माझी. त्यांनी मान डोलावली नाही,
पण दुसऱ्या दिवशी एका कूलरला लावलेली दिसली.

चौथ्या दिवशी पत्रा वाकून उभा राहिला
आणि कार्ड आत जाईना.
तीन मिलिमीटर.
मी कागद पाहिला. बोटांवर बेरीज केली. परत पाहिला.
कागद बरोबर होता.

"कागद बरोबरच राह्यते," डोमाजी म्हणाले.
"कागदाले जाडी नसते, पोरी. पत्र्याले असते.
चार ठिकानी वाकवला तं चारदा खाते थो."

मला रडू नाही आलं. राग आला,
शाळेतल्या भूमितीचा,
जिथे रेषेला फक्त लांबी होती.

त्यांनी लाकडी हातोडा घेतला, वाळूची पिशवी घेतली,
आणि नेमक्या त्या जागी आतून ठोकत बसले
संध्याकाळची गोंदिया गाडी जाईपर्यंत.
पेटीला आता एका बाजूनं फुगवटा आहे,
गालात सुपारी धरून ऐकणाऱ्या माणसासारखा.
कार्ड बसलं. टक् असा आवाज आला.
काकू म्हणाल्या, "झालं?"

सध्या रोज नवं गाव.
रात्री तीनला थंडी कापायला लागते तेव्हा
राणी झालेली शालू कोडापे
बांगड्या वर सारून पेटीवर हात शेकते.
हार्मोनियमवाले तिच्यावर चहा ठेवू बघतात. मी ओरडते.

हलवली की आत काहीतरी खुळखुळतं.
दोनदा खोलून पाहिली. स्क्रू सगळे जागेवर.
पत्र्याच्या घडीत अडकलेला रिव्हेट असावा,
घडी उकलल्याशिवाय निघायचा नाही.

पहिल्या घंटेला मी पेटी कानाशी धरते,
एकदा हलवते,
आणि मगच वायर लावते.