अर्धी लादी

आमच्याकडे बर्फ माशांसाठी असतो.
देवगड बंदरात पहाटे तीनला
कारखान्याचा कॉम्प्रेसर दमेकऱ्यासारखा घरघरतो,
अमोनिया डोळ्यांत उतरतो
आणि डब्यातून सुटलेली लादी
लाकडी पन्हळीवरून सुसाट खाली,
ट्रॉलरच्या खणात.
पन्हळ मी धुतो. एकतीस वर्षं झाली.
बोटांना आता गरम-गार कळत नाही,
चहा निवला का, ते ओठांना विचारावं लागतं.

हर्षाली मोंडकर त्या पन्हळीवरून पहिल्यांदा घसरली
तेव्हा सात वर्षांची असेल.
आई लिलावात सुंगटांवर बोली लावत होती
आणि ही पोफळीच्या विरीवर चक्क उभी राहून
लादीच्या मागून लादीसारखी आली.
टोकाची फळी जरा वर वाकलेली,
चूक माझीच, खिळा नीट बसला नव्हता.
तिथून उडाली,
हवेत एकदा स्वतःभोवती गुंडाळली
आणि दोन होड्यांच्या मधल्या पाण्यात गेली.
मी शिव्या घातल्या.
आईने एवढंच विचारलं,
"चप्पल खंय टाकलंस गो?"

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं.
एनसीसीचा कॅम्प, मनालीचा कोर्स,
कुणी नोर्बू नावाचे सर म्हणाले, ही उडी कुठे शिकलीस?
ही म्हणाली, लादीकडून.
स्पर्धेच्या फॉर्मवर 'सरावाचे ठिकाण' या रकान्यात
तिने लिहिलं: बर्फ कारखाना, देवगड बंदर.
फॉर्म परत आला.
दुसऱ्यांदाही तिने तेच लिहिलं.

मग एकदा मोबाईलवर दिसली.
सहा इंचांत मावणारा डोंगर, लाल हेल्मेट,
उताराला लागली, टोकाशी आली, उडाली,
मी मोजत होतो, एक कोलांटी, दोन,
तिसरीत सिग्नल गेला.
लिलाव थांबला. माणसं आभाळाकडे मोबाईल धरून उभी,
पापलेटं उन्हात.
सिग्नल आला तेव्हा ती पायांवर उभी होती
आणि खाली लिहून येत होतं, आशियात पहिली.
आईने पदराने काच पुसली,
तिला वाटलं तिकडचं धुकं इकडे आलं.

नाक्यावर फलक लागला.
त्यावर स्कीइंगचं स्केटिंग झालं होतं,
कुणी दुरुस्त केलं नाही, तिनेही नाही.
चार हिवाळे ती जिंकत राहिली.
पाचव्यात, कुठल्याशा देशात,
रात्रीत बर्फ दगड झाला होता,
उतरताना गुडघ्यातली दोरी तुटली.
एकदा शिवली. परत तुटली. परत शिवली,
जाळं शिवतात तशी.
पुन्हा डोंगरावर गेली, तेव्हा फोन आला,
"शाळेत अकरावी अर्धीच राहिली होती काका,
इथे पुरी मिळाली. अकरावी आले."
हसली. मग फोन तसाच चालू राहिला,
पलीकडे नुसता वारा.

बांगड्याच्या दिवसांत परत आली.
संध्याकाळी पन्हळीच्या कडेला पाय लांब करून बसते.
मी लादी फोडतो, गोणपाटात बांधून देतो,
ती गुडघ्यावर धरते.
"तिथला बर्फ पिठासारखा, काका.
ह्याला कसा माशाचा वास आहे."
मी विचारलं, वर असताना काय दिसतं?
बराच वेळ बोलली नाही.
एक होडी लागली, नांगर पडला.
मग म्हणाली,
बर्फ, आभाळ, बर्फ, आभाळ,
आणि मधे कुठेतरी तुमची ती वाकडी फळी.

खिळा मी अजून ठोकलेला नाही.
सुट्टीच्या सकाळी पोरं विऱ्या घेऊन येतात,
ती काठावरून ओरडते,
"हनुवटी आत घे रे, मेल्या!"

मालकाला हे खपत नाही.
महिनाअखेर त्याने वहीवर बोट ठेवलं,
ही रोजची अर्धी लादी कुठल्या बोटीची?
मी बोटीच्या रकान्यात लिहिलं, हर्षाली.
आमच्याकडे पोरींच्या नावाच्या होड्या असतातच.
त्याने पान उलटलं.