लाभ

निंभोऱ्याहून सुपडू महाजन आला
केळीच्या वाळल्या पानांत वूफर गुंडाळून.
दहा इंची. काउंटरवर ठेवताना
दोन्ही हात खाली घातले त्यानं.

"रेकॉर्डिंग खराब व्हतं.
त्याच्यानंच जयला का?"

मी दोन्ही अंगठ्यांनी पडदा दाबला.
आत खर्र झालं. कॉइल चिकटलेली.
जळक्या वॉर्निशचा वास फैजपुरात
माझ्या दुकानाला कायमचाच,
गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावतं,
मला जेवायची आठवण होते.

त्यानं मोबाइल पुढं केला.
एक मिनिट अकरा सेकंद.
ट्रॅक्टर. वारा. कुणीतरी कुणाच्यातरी आईवर घसरलेला.
आणि या सगळ्याच्या तळाशी,
विहिरीत पडलेल्या बादलीसारखा,
एक म्हातारा घड मोजतोय:
लाभ… दोन… तीन…

"माहा बाप. मागच्या पोळ्याले गेला."

मी खरं तेच सांगितलं.
खरखरीनं पडदा फाटत नाही, भाऊ.
स्पीकरला चांगलं-वाईट कळत नाही,
त्याला फक्त पुढं आणि मागं कळतं.
भजन दे, भांडण दे, फुटका भोंगा दे,
सोसेल तेवढं दिलंस तर जन्मभर हलेल.
किती वाढवला होतास?

तो पानाच्या शिरा सोलत बसला.
मग म्हणाला,
वर्षश्राद्धाला सगळे ओट्यावर जमलेले.
ऐकू येईना, म्हणून थोडा वाढवला.
ट्रॅक्टर मोठा झाला, बाप तेवढाच.
अजून वाढवला.
वारा मोठा झाला.
बहीण म्हणे, येतोय, येतोय, अजून थोडा.
बटण पुढं सरकेना तेव्हा
सोळा म्हणून झालं होतं त्याचं,
सतरासाठी दम घेतला,
आणि जाळीतून धूर.

लग्नातले डीजेवाले पैजेवर जाळतात,
महिन्याला चार-पाच येतात माझ्याकडं.
त्यांना मी शिव्या देऊन पैसे घेतो.

याला म्हटलं, फोन कानाला लाव.
एकेकानं ऐका. बहिणीला आधी दे.

मग जुनी कॉइल कापून काढली,
नळीवर नवी तार धरली.
वेढे मोजावे लागतात, एक चुकला तर सगळं उसवायचं.
मी मनातच मोजतो, तीस वर्षं झाली.
त्या दिवशी पहिल्या वेढ्याला
तोंडातून मोठ्यानं गेलं:
लाभ.

सुपडूनं मान वर केली.
दोन, मी म्हणालो. तीन.
त्याची निंभोऱ्याची गाडी निघायची वेळ झाली होती.
सतरा झाले, अठरा झाले,
तो काही उठला नाही.