गाभा

दोमिंगुस म्हणाला, आता थांबलीस तर गेलं.
कुऱ्हाडीच्या टोकानं त्यानं खोडाला खाच पाडली,
चिमूटभर गाभा चावला, थुंकला.
भरलाय. शेंडा बघ,
पानं आखूड यायला लागलीत.

सागो आयुष्यात एकदाच फुलतो.
फुलायचं ठरलं की अंगातलं सगळं पीठ
वर चढवतो, उधळून टाकतो,
मग उभा राहतो तो नुसता पोकळ वासा.
म्हणून आमच्या सेराम बेटावर
सागोची फुलं फारशी कुणी बघितलेली नाहीत.
दिसलीच कुठे, तर त्या घरचा माणूस आळशी
किंवा मेलेला.

एलियासर मेलेला नाही.
ट्यूनाच्या बोटीवर गेलाय, तुआलच्या बाजूला.
दोन वर्षं पैसे आले, मग एकदा शर्टाचं कापड,
मग काही नाही.
हे झाड त्यानं लावलेलं, लग्नाच्या वर्षी,
आईच्या झाडाच्या बुडातला कोंब उपटून,
गुडघाभर दलदलीत, शिव्या देत.

पडलं तेव्हा चिखल माझ्या तोंडापर्यंत उडाला.
मी आधी बुंध्याकडे धावले.
शाळेत शिकवलं होतं,
झाडाच्या आत वर्तुळं असतात, वर्षाला एक.
मला मोजायची होती.
तो असतानाची किती, नसतानाची किती.

आत वर्तुळ नव्हतं.
ओला पांढरा भुसा, त्यात दोऱ्यांची टोकं.
दोमिंगुस हसला.
माडाच्या कुळात कुणी हिशेब ठेवत नाही, याकोमिना.
फांदी नाही, दुसरा शेंडा नाही,
वर जायचं, बस्स.

तीन दिवस कुटलं.
त्याच्याच देठाच्या पन्हळीत धुतलं,
त्याच्याच पानांच्या टोपल्यांत भरलं.
पानांच्या दांड्यांनी खुराड्याची भिंत झाली,
झावळ्या स्वयंपाकघरावर गेल्या.
शेंड्याकडचा ओंडका पोरांनी मागून घेतला,
महिन्याभरानं त्यात अळ्या होतील, जाडजूड.

रात्री उकळतं पाणी ओतलं.
पीठ आधी गढूळ, मग एकाएकी काचेसारखं.
दोन काड्यांवर गुंडाळून
माशाच्या पिवळ्या रश्शात सोडलं.
पापेडा चावायचा नसतो,
गिळायचा असतो.
गिळला.

ओढ्यापलीकडे अजून एक झाड आहे, त्यानंच लावलेलं.
ते मी दोमिंगुसला दाखवणार नाही.
लोक म्हणोत काय म्हणायचं ते.
बघायचंय मला एकदा,
एवढं पीठ वर जाऊन
कसं दिसतं.