चीक

प्रयोगशाळेत माझं काम काचा धुण्याचं.
पिंजारी मॅडम काचेवर पांढरी पेस्ट पसरतात,
भट्टीत भाजतात, मग धरणाकडच्या वायनरीतून
मी पिशवीभर आणलेल्या द्राक्षसालींच्या रंगात
रात्रभर बुडवून ठेवतात.
सकाळी काच जांभळी. एवढंच मला कळायचं.

दोन काचांच्या फटीत त्या थेंब सोडायच्या,
तांबूस, आयोडीनचा.
तो म्हणे हरकाम्या:
ऊन खाऊन रंगाने जे गमावलं
ते भरून द्यायचं, पुन्हा पलीकडे पळायचं.
थेट माझ्यासारखा, फक्त बिनपगारी.

पण टिकायचा नाही.
कडेच्या डिंकातून रात्री पाझरायचा,
टेबलावर तपकिरी डाग ठेवून उडून जायचा.
तिसऱ्या दिवशी मीटरवर नुसती शून्यं
आणि मॅडमचा डबा तसाच, न उघडलेला.

मी म्हणालो, घट्ट करा की त्याला.
आमच्याकडे सिन्नरला चैत्रात
कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजतो,
धड पाणी नाही, धड गोळा नाही.
दुसऱ्या दिवशी वाटीभर घेऊनच गेलो.
त्यांनी वर आयोडीन टाकलं.
निळाकाळा झाला, दौतीतल्या शाईसारखा.
"शाळेत शिकवलं नव्हतं का हे, गांगुर्डे?"
शाळा चौथीत सुटली, ते मी बोललो नाही.

महिन्याने कसलीशी दुसरी पूड आली पार्सलने.
ती गुठळ्या धरायची.
तेव्हा मात्र हाक मलाच.
आईचा खांदा दुखायचा, चीक घाटायला मीच असायचो:
एकाच दिशेने, मंद आचेवर, हात न थांबवता.
बाटली उलटी केली.
आतलं हललं नाही.

पहिलं रीडिंग आधीपेक्षा कमी आलं.
चिखलात पळणाऱ्याचे पाय रुतणारच, मॅडम म्हणाल्या,
आणि वहीत तेच लिहिलं, न खोडता.

आज एक्केचाळिसावा दिवस.
गच्चीवर काच, बाजूला होस्टेलच्या मावशींच्या
प्लास्टिकवर घातलेल्या कुरडया.
कॉलेज रोडचे हॉर्न इथवर येतात.
मी तारा जोडतो. चारशे सत्तर.
काल चारशे बाहत्तर होतं.
ही दोनची घट कशाची
ते मॅडम सोमवारी आल्यावर सांगतील.
काचेच्या कडेवरून बोट फिरवतो.
कोरडं.