ताउनोचं घर

हाइलुओतो बेटावर, फेरीच्या धक्क्याशेजारच्या खोलीत
सिर्का नवा संगणक मांडून बसली आहे.
दुपारचे अडीच, म्हणजे अंधारच.
समुद्र गोठू लागलाय, पण वरून गाडी जाईल इतका नाही.

टेबलावर तळहाताएवढा हिरवा बोर्ड.
खांबावर बसून बर्फाची जाडी मोजायचा,
सोळा वर्षं चुकला नाही. यंदा
दर मंगळवारी सांगतो: उणे चार सेंटिमीटर.

एक ओळ बदलायची आहे. एकच.
त्यासाठी आधी सगळा संसार मांडायचा:
कंपायलर, तोही जुनाच हवा,
नव्याला ताउनोचं लिहिणं उद्धट वाटतं,
पानभर कुरकुरतो;
मग लिंकर, मग एक लायब्ररी,
तिला हवी दुसरी, दुसरीला तिसरी,
एकाला आवतण द्यावं आणि
पंगतीला अख्खी आळी यावी तसं.

आणि रांधायचं इथे, जेवणारा तिकडे,
उणे तीस अंशांत, खांबावर,
त्याच्या पोटात जागा एवढीशी
की माणसाचा एक फोटो मावणार नाही.

तिसऱ्या दिवशी सगळं जुळलंसं वाटलं.
बांधणी सुरू केली.
एक्क्याऐंशी फायली बिनतक्रार गेल्या,
मग लिंकर अडला:

घर, ताउनो, काम, जुनं:
असा पत्ता सापडत नाही.

कोडमध्ये त्यानं स्वतःच्या घराचा पत्ताच लिहून ठेवलेला,
किल्ली कुंडीखाली आहे म्हणावं तसा,
आणि सोळा वर्षं दुसरं कुणी आलंच नाही.

ताउनो गेला त्याला आता सात आठवडे.
पेटी फेरीनं न्यावी लागली,
बर्फाचा रस्ता अजून व्हायचा होता.

पत्ता पुसून नवा लिहिता आला असता. रीत तीच.
शिकाऊ पोरांना ती हेच बजावते:
स्वतःचं घर कोडमध्ये लिहू नये.

गार कॉफीचा घोट घेऊन सिर्कानं
संगणकावर नवा वापरकर्ता उघडला.
नाव: ताउनो.
पासवर्ड विचारला, तो रिकामा सोडला.
घरात काम नावाचा फोल्डर, कामात जुनं.

पुन्हा चालवलं.
इशारे चौदा. चुका शून्य.

केबल जोडली. दिवा दोनदा लुकलुकला,
पडद्यावर आकडा आला:
शून्य सेंटिमीटर.

बरोबरच होतं.
टेबलावर बर्फ नव्हता.