उडेल तेवढं गोडं

कॉलेजातलं डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र दुरुस्त करायला गेलो
तेव्हा फडताळात बरणी दिसली:
समुद्रफूल, रत्नागिरी, १९८७.
फॉर्मॅलिनमध्ये, उकडलेल्या लसणासारखं पांढरं.
रंग कोणता होता याचा? मी विचारलं.
दस्तगीर मामा तीस वर्षं त्या बरणीवरची धूळ पुसतात.
म्हणाले, "मी आलो तवाच असं होतं."

परभणीत समुद्र कुठून आणायचा?
मी पाण्याची मशीनं दुरुस्त करतो, एवढंच भांडवल.
आमच्या बोअरला टीडीएस अकराशे, डाळ शिजत नाही.
ते पाणी आधी पार कोरं करायचं,
मीटरवर शून्य येईस्तोवर,
आणि मग त्यात मीठ घालायचं, लिटरला पस्तीस ग्रॅम,
मुंबईहून मागवलेलं.
इंदुमती म्हणाली, "काढायचं बी तुम्हीच, घालायचं बी तुम्हीच."

खरंय.
गावाकडं कालव्याखालचं दीड एकर चोपण झालं तेव्हा
वडील मीठ फुटलेल्या मातीला बोट लावून जिभेवर ठेवायचे
आणि बांधावरून परत फिरायचे.
मी मीठ विकत घेतो, किलोवर,
हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

पहिले दोन महिने टाकीत नुसते खडक आणि फिरतं पाणी.
शेजारचा वाजेद रोज डोकवायचा, "मासे कुठायत?"
"पिकतंय अजून," मी म्हणायचो.
नळीत थेंब टाकून अमोनिया बघायचा,
विरजण लागलं का बघतात तसा.
चढला, उतरला. मग नायट्राइट चढलं.
स्वच्छ पाणी त्याला पुरत नाही,
मुरलेलं लागतं.

पंपाच्या तोंडाला स्पंज बांधला,
कारण ते फूल चालतं,
आणि पात्यात सापडलं तर अख्खी टाकी नासते.

मे महिन्यात बाहेर त्रेचाळीस, आत सव्वीस पाहिजे.
पाण्यावर पंखा सोडला की पाणी उडतं, रोज दोन बोटं.
मीठ उडत नाही. ते तिथंच राहतं.
म्हणून वरून खारं नाही, गोडंच घालायचं,
काचेवर चिकटवलेल्या पट्टीपर्यंत, थेंब जास्त नाही.
नळाला पाणी नवव्या दिवशी.
त्यातून रोज समुद्राचा वाटा काढायचा,
आणि मशीननं टाकून दिलेलं बादलीत धरायचं.
त्यानं इंदुमती फरशी पुसते, फरशीवर पांढरे डाग उठतात,
त्याबद्दल ती जे बोलते ते इथं लिहीत नाही.

सातव्या महिन्यात ट्रॅव्हल्सच्या डिकीतून ते आलं.
फुगवलेल्या पिशवीत, मुठीएवढं, मिटलेलं.
दीड तास थेंब थेंब आमचं पाणी त्याच्या पाण्यात सोडलं.
उजेडातला सगळ्यात चांगला खडक दिला.
सकाळी तिथं नव्हतं.
तीन दिवस भटकलं
आणि स्वयंपाकघराकडच्या कोपऱ्यात, जिथला मी विचारही केला नव्हता,
खडकाच्या फटीत पाय रोवून बसलं.
उमललेलं पहिल्यांदा इंदुमतीनं पाहिलं, हात पिठात,
मला हाक मारायची राहून गेली म्हणते.

रविवारी दस्तगीर मामा आले.
चष्मा पुसला. टाकीपुढं उकिडवे बसले.
ज्वारीच्या हुरड्याचा हिरवा,
आणि टोकांना वांग्याच्या फुलाचा जांभळा.
मी वाट बघत होतो रंगाबद्दल काय म्हणतात त्याची.
चहा निवला.

"एवढं हलतं होय," म्हणाले.